चिवट वाट्याचा इतिहास

मागच्या हिवाळ्यात दोन महिने मी शिकागोला लेकीकडे होते. पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी कामावर जाण्याच्या घाईत तिने गोमांसाचे मोठमोठे तुकडे तव्यावर परतले आणि ओट्यावरच्या एका लंबगोल भांड्यात टाकले. वर बटाटे, गाजरे, कांदा, मूठभर जव, मीठ, मिरे आणि दोन-तीन पेले पाणी. काचेचे झाकण ठेवले, बटण ‘मंद’वर फिरवले आणि ती निघून गेली. मी दिवसभर त्या भांड्याच्या सोबतीला. दुपारपर्यंत त्यातून काही आवाजही येत नव्हता. तीनच्या सुमारास मात्र घरभर जो वास सुटला, त्याने मला उठून उभे केले. हा वास मी पन्नास वर्षांत घेतला नव्हता. संध्याकाळी लेक आली तेव्हा मी तिला म्हटले, “हे तर माझ्या मायचं गाडगं आहे.”

ती हसली. म्हणाली, “आई, याला स्लो कुकर म्हणतात. याचं पेटंट आहे.”

तिने सहज म्हटलेले वाक्य, पण ते माझ्या मनातून गेले नाही. मी तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत इतिहास शिकवला. पानिपत शिकवले, प्लासी शिकवली, शिवाजी महाराजांची आग्ऱ्याहून सुटका तर दरवर्षी शिकवली. चूल हा इतिहासाचा विषय आहे असे मला कधी वाटले नाही, आणि आमची चूल तर मुळीच नाही. त्या विजेच्या भांड्याला शोधकर्ता आहे, साल आहे, नोंद आहे. मग माझ्या मायच्या गाडग्याला यातले काहीच का नसावे? प्रस्तुत लेख या एका प्रश्नातून निघाला आहे.

मांस शिजवण्याचा इतिहास सांगायचा तर आधी मांसाचा वाटा कुणाला कोणता मिळाला हे सांगावे लागते. जनावराच्या पाठीकडचे, कमरेजवळचे मांस कोवळे असते, कारण त्या स्नायूंना काम कमी. ते तव्यावर दहा मिनिटांत होते. पायाचे, नडगीचे, मानेचे, छातीचे मांस चिवट. ज्या स्नायूंना जन्मभर राबावे लागते त्यांत कोलॅजन नावाचे पांढरे, तंतुमय द्रव्य जास्त असते. आणि जनावराचे वय वाढत जाते तसे ते अधिकच घट्ट होते. मोठ्या जाळावर हे मांस खळखळा उकळले तर तंतू आखडतात, रस पिळून बाहेर पडतो आणि दाताखाली दोरखंड येतो. पाण्याला उकळी फुटणार नाही अशा बेताने सात-आठ तास ते नुसते तापत ठेवले, तर हेच कोलॅजन विरघळून जिलेटिन बनते. रस्सा बोटाला चिकटतो आणि मांस हाडापासून आपोआप सुटते. दहा वर्षे नांगर ओढलेल्या बैलाच्या नडगीत त्याची दहा वर्षे साठलेली असतात. ती उतरवायला वेळ लागतो. जगात जिथे जिथे चिवट वाटा ज्यांच्या पदरी पडला, तिथे तिथे त्यांनी मंद आचेची विद्या शोधून काढली. ज्यांना पाठीचे मांस मिळाले त्यांना ती विद्या लागलीच नाही.

आमच्या गावात बैल जिवंत असेतो पाटलाचा आणि मेला की महाराचा. त्याने नांगर ओढला तो पाटलाच्या शेतात, आणि तो मेल्यावर त्याला ओढायचा आम्ही. गोठ्यातून मेलेले जनावर काढणे हे महारकीचे काम होते. ते नाकारण्याची सोय नव्हती. त्याच्या मोबदल्यात जे पडे त्यालाच गाव आमचा ‘हक्क’ म्हणत असे. शब्द किती मोठा आणि त्यात काय भरलेले!

माझी आजी त्या काळातली. एक जनावर पडले की महारवाड्यात साऱ्या घरांचे वाटे पडत. एका दिवसात संपणारे ते नसे; म्हणून मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून दोरीवर वाळत घालीत. त्या चान्या. वाळलेली चानी लाकडासारखी कडक. पावसाळ्यात हाताला काम नसे, घरात धान्य नसे, तेव्हा मूठभर चान्या आणि ओंजळभर पीठ एवढ्यावर सहा माणसांचे पोट आजी भरीत असे. चान्या भिजत घालायच्या, मग गाडग्यात भरून वैलावर ठेवून द्यायच्या. वैल म्हणजे चुलीचे मागचे तोंड. तिथे जाळ नसतो, चुलीची झळ तेवढी लागते. पुढच्या तोंडावर भाकरी व्हायच्या आणि त्यांच्या उरल्यासुरल्या उष्णतेवर मागे कालवण. जळण वेगळे लागत नसे. त्या विजेच्या भांड्यातही यापेक्षा निराळे तत्त्व नाही. मातीचे पोट, भोवती मंद झळ, वर झाकण.

इथे आपल्याच चळवळीतले काही मित्र मला थांबवतील. म्हणतील, बाई, ज्या पडीच्या मांसातून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढले, ते तुम्ही पुन्हा कशाला उकरता? प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देता येणार नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ या दोन दिवशी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद झाली. चवदार तळ्यावरचा मोर्चा सर्वांना ठाऊक आहे. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढू नका, मेलेल्या जनावरांचे मांस खाऊ नका, उष्टे मागू नका असे निक्षून सांगितले. आपण पाणी प्यायलो म्हणून चिडलेल्या जमावाने मग परिषदेच्या मांडवात घुसून तिथल्या अन्नात माती कालवली. जेवणाच्या ताटावरूनच हा लढा झाला, ही गोष्ट आपण फार कमी वेळा बोलतो. पुढे पडीचे मांस सोडल्याने महारांचे किती रुपयांचे नुकसान होते, याचा हिशेब वर्तमानपत्रात मांडणारेही निघाले. कातडे इतक्याचे, शिंगे इतक्याची, मांस इतक्याचे! १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्या हिशेबाची आठवण काढली. एवढा नफा आहे तर तो तुम्हीच का घेत नाही, असे त्यांनी त्या हिशेबनिसांना विचारले होते. या प्रश्नाला आजही कुणी उत्तर दिलेले नाही.

मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात. हे वारे आमच्याकडे थोडे उशिरा आले, पण आले तेव्हा आजोबांनी एका रात्रीत निर्णय घेतला. दारापुढची चान्यांची दोरी त्यांनी सोडली आणि तिने घराचे छप्पर आवळून बांधले. आजी सांगायची, “त्या साली लई उपाशी मेलो, पर दोरी पुन्यांदा बांधली न्हाई.” हा त्याग ज्यांनी केला त्यांच्या घरी दूध-तूप नव्हते. मला तो कोणत्याही लढाईपेक्षा मोठा वाटतो.

पण बाबासाहेबांनी काय नाकारले, हे नीट पाहिले पाहिजे. त्यांनी नाकारली ती महारकी, ते ओढणे, तो वाटा. ‘गोमांस पाप आहे’ हे ब्राह्मणी मत त्यांनी मान्य केलेले नाही. १९४८ सालच्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी ही गोष्ट उलट्या टोकाने मांडली. वैदिक काळात गाय यज्ञात मारली जाई, पाहुण्यासाठीही मारली जाई. पाणिनीला ‘गोघ्न’ हा शब्द पाहुणा या अर्थाने ठाऊक आहे. बौद्ध धम्माशी चाललेल्या झगड्यात ब्राह्मणांनी मांस सोडून वरचढ व्हायचे ठरवले, गाय पवित्र झाली, आणि मेलेल्या गाईचे मांस खात राहिलेली वाताहत झालेली माणसे अस्पृश्य ठरली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. गोहत्येचा कायदा त्यांच्या आड येत नव्हता, कारण ते मारत नव्हते. मेलेले खात होते. १९१० साली जनगणना आयुक्तांनी हिंदू कोण आणि हिंदूंतले बाहेरचे कोण हे ओळखण्याच्या ज्या दहा खुणा काढल्या, त्यांत गोमांस खाणे आणि गाईला न मानणे ही एक होती. तिचाही आधार बाबासाहेबांनी घेतला आहे. म्हणजे आपले ताट आपल्या अस्पृश्यतेचा दस्तऐवज आहे. दस्तऐवज लाजेने जाळून टाकण्याची चैन इतिहास शिकणाऱ्याला परवडत नाही.

आमच्या घरी पडीचे बंद झाले ते कायमचे. बाजारातले विकतचे मात्र चालू राहिले. त्याला आम्ही ‘मोठ्याचे’ म्हणायचो. हा शब्दही आडोशासाठीच आहे. नाव न घेता सांगायची सोय.

१९७२चा दुष्काळ मला चांगला आठवतो. मी दहा-अकरा वर्षांची असेन. विहिरींनी तळ गाठला होता. ज्याच्या दावणीला बैल होता तो त्याला चाऱ्यावाचून डोळ्यांदेखत मरू द्यायचा की विकायचा, एवढाच प्रश्न होता. बाजारात जनावरे मातीमोल झाली. माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. उजाडायच्या आत निघायची, दिवेलागणीला यायची. कामावर सुकडी मिळे, स्वस्त धान्याच्या दुकानात अमेरिकेची लाल मिलो. मिलोच्या भाकरीला चव नव्हती आणि ती नुसती घशाखाली उतरत नसे. बाजाराच्या दिवशी बाप कसायाकडून नडगीचे मांस आणि दोन नळ्या आणायचा, कारण तेच सगळ्यात स्वस्त.

दुसऱ्या दिवशी पहाटे माय गाडगे लावायची. मांसाला हळद-मीठ चोळायचे. कांदा सालीसकट आरात भाजायचा, मग लसणाबरोबर पाट्यावर वाटायचा. तेल जवळजवळ नसायचेच. मांसाला जी चरबी असेल तीच आधी गाडग्यात वितळवायची आणि तिच्यात तुकडे परतायचे. नळ्या बुडाशी, मांस वर, त्यावर काळे तिखट आणि मांस बुडून दोन बोटे वर राहील एवढे कढत पाणी. तोंडावर परळ, परळाच्या कडेला मळलेल्या पिठाची वात, एका जागी काडीएवढी फट. चुलीतली लाकडे ओढून घ्यायची. राखेत चार गोवऱ्या आडव्या पुरायच्या आणि गाडगे त्यांच्या कुशीत बसवायचे. गोवरी भडकत नाही. दिवसभर धुमसते. (गोवरी गाईच्याच शेणाची. शेण सारवायला चालते, गोमूत्र शिंपडायला चालते. त्या गाईचे मेलेले धूड ओढणारा मात्र विटाळतो. हे शास्त्र मला अजून उलगडलेले नाही.)

घरी मी आणि धाकटा भाऊ. मायची ताकीद असायची, “आर इझू देऊ नगं, अन् जाळबी होऊ देऊ नगं. झाकन काढशीन तर याद राख.” मी दुपारी एकदा गोवरी सरकवायची, एवढेच माझे काम. माय आली की हात-पाय धुऊन आधी परळ उचलायची. वाटीत थंड पाण्यात दोन मुठी येसूर कालवून ती धार धरायची. येसूर म्हणजे ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने भाजून दळलेले पीठ. आमच्या मराठवाड्यात ते घराघरांत असते. त्याने रस्सा दाट होतो आणि चार माणसांचा सहा माणसांना पुरतो. शिकागोच्या त्या भांड्यात जव जे काम करतात तेच आमच्याकडे येसूर करते. थोडे मांस पुष्कळ माणसांना पुरवणे ही दोन्हीकडची अडचण, आणि दोन्हीकडच्या बायकांनी ती धान्यानेच सोडवली.

त्या रश्शात मिलोची भाकर विरघळून जायची. नळीतला मगज धाकट्याच्या वाट्याचा. मायने स्वतःच्या पानात मांसाचा तुकडा घेतलेला मी क्वचित पाहिला.

आणि याच सुखाच्या दुसऱ्या दिवशी शाळेत “काल काय केलं होतं गं?” असे कुणी विचारले की मी “डाळ” असे सांगायची. एकदा एका गुरुजींनी वर्गात नाक वर करून, “आज कुणाच्या अंगाला वास येतोय?” असे विचारले. सारा वर्ग माझ्याकडे वळला. त्या दिवसापासून मी मोठ्याचे खाणे सोडले. आंबेडकरी निर्धाराने सोडले असते तर अभिमानाने सांगितले असते. मी ते लाजेने सोडले. पुढे नोकरी लागली, गॅस आला, प्रेशर कुकर आला. माय माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिने एकदाच विचारले, “गाडगं लावू का?” मी म्हटले, “इथं नको, शेजारी आहेत.” तिने पुन्हा विचारले नाही. तिच्याबरोबर ती विद्या गेली. ती पुरेशी लिहून घेण्याइतकी अक्कल इतिहासाच्या शिक्षिकेला नव्हती.

आता त्या दुसऱ्या भांड्याची कुळकथा. ती मी शिकागोच्या ग्रंथालयात बसून शोधली, आणि गंमत अशी की तिची सुरुवातही एका आईपाशीच होते.

अर्व्हिंग नॅक्सन हा शिकागोचा ज्यू संशोधक. त्याची आई लिथुआनियातल्या व्हिल्ना शहराकडची. ज्यूंमध्ये शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत शब्बाथ पाळतात. त्या वेळात विस्तव पेटवायचा नाही. (आपल्या कुलाबा जिल्ह्यातल्या बेने इस्रायलांना लोक शनिवार तेली म्हणत ते याच विश्रांतीमुळे.) मग शनिवारी ऊन ऊन जेवण कुठून येणार? गरीब घरच्या बायका शुक्रवारी दुपारी गोमांसाचा चिवट तुकडा, घेवड्याचे दाणे, जव, बटाटे असे सारे एका भांड्यात भरून गल्लीतल्या भटारखान्यात नेऊन देत. भट्टीची आग विझत आलेली असे. तिच्या राहिलेल्या उष्णतेत ती भांडी रात्रभर बसत. या पदार्थाला चोलंट म्हणतात. आईने ही आठवण सांगितली आणि मुलाने तिला वीज जोडली. १९३६ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९४० साली ते मिळाले. १९७० साली त्याचा धंदा कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने विकत घेतला आणि १९७१ साली तेच भांडे ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आले. दिवसभर बाहेर काम करणाऱ्या बायकांनी ते उचलून धरले. शिकागोचे ते प्रचंड जनावरबाजार आणि कत्तलखाने, १८६५ साली सुरू झालेले युनियन स्टॉक यार्ड्स, बंद पडले तेही १९७१ सालीच. अप्टन सिंक्लेअरने १९०६च्या ‘द जंगल’ कादंबरीत तिथल्या ज्या मजुरांचे हाल लिहिले, ते कुटुंबही लिथुआनियाहूनच आलेले होते.

पेटंट मिळाले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९४१ साली, नाझी फौजा लिथुआनियात शिरल्या. तिथल्या दहा ज्यूंमागे नऊंहून अधिक मारले गेले. ज्या गल्ल्यांतून ती भांडी भटारखान्यात जात होती, त्या गल्ल्यांत भांडी नेणारे उरले नाही. मला इथे दुःखांची तुलना करायची नाही; तो बाजार मला आवडत नाही. एवढेच नोंदवते, की त्या आईची आठवण तिच्या मुलाने ऐकली आणि म्हणून ती वाचली.

आपल्याकडेही आता हे काम सुरू झाले आहे. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातल्या विद्यार्थ्यांनी २००९ साली दलितांच्या अन्नस्मृती गोळा करून पुस्तक केले. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आले. त्यात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुली पहिल्यांदा एवढ्या तपशिलाने छापल्या गेल्या. ते वाचताना मी ठिकठिकाणी थांबून रडले, हे कबूल करते.

योगायोग असा की त्याच २०१५ साली आपल्या राज्यात बैलाचे मांस गुन्हा झाले. १९७६च्या पशुसंरक्षण कायद्याने गाईची कत्तल आधीच बंद होती. बैल आणि वळू त्यात घालणारी दुरुस्ती १९९५ साली विधिमंडळात संमत झाली होती. तिला राष्ट्रपतींची संमती वीस वर्षांनी मिळाली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले. दोनच महिन्यांनी, जुलै २०१६ मध्ये, गुजरातेत उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारले गेले. त्यावर तिथल्या दलितांनी मेलेली जनावरे सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीपुढे नेऊन टाकली. महाडच्या परिषदेला तेव्हा एकोणनव्वद वर्षे झाली होती. मेलेली गाय ओढली नाही तर बहिष्कार, ओढली तर मार, आणि जिवंत बैल विकत घेऊन खाल्ला तर कैद. या तिन्हींत समान काय असेल तर खाणारा कोण आहे, एवढेच.

म्हशीचे मांस कायद्याने चालते. भारतात परतल्यावर मी एक किलो नडगी आणली, मातीचे गाडगे विकत घेतले आणि गॅसच्या सगळ्यात बारीक ज्योतीवर तवा ठेवून त्यावर ते चढवले. खिडक्या उघड्याच ठेवल्या. आठ तास लागले. पहिल्या खेपेला मी येसूर आधीच घातले आणि बूड करपले. मायच्या हातचे काही झाले नाही. दुसऱ्या खेपेला जमले. या वेळी मी मोजले. मायच्या दोन मुठी म्हणजे साठ ग्रॅम. तिचे हात लहान होते.

शेजारच्या मुलीबरोबर अर्धा किलो येसूर शिकागोला पाठवले. परवा लेकीचा फोन आला. “आई, ते येसूर सकाळीच टाकू का सगळ्याबरोबर?”

म्हटले, “सकाळी नको, बुडाला लागतं. तू कामावरून आलीस की थंड पाण्यात कालवून धार धर. आणि झाकण ठेवून अर्धा तास बस.”